पहिलं सर्किट, पहिला मीटर: आकडे जुळत नाहीत तेव्हा

ओहमचा नियम (व्होल्टेज = करंट × रोध) कागदावर सगळ्यांना येतो. अकरावी-बारावीचा किंवा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी गणित चुटकीसरशी सोडवतो. पण हातात मीटर आला, की ६.२ व्होल्टच्या बॅटरीला लावलेल्या दोन सारख्या रोधकांवर ३.१ आणि ३.१ दिसायच्या ऐवजी २.०७ आणि २.०७ दिसतात. मग वहीत ‘प्रायोगिक त्रुटी’ असे दोन शब्द पडतात आणि विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपू देऊ नये. न जुळणाऱ्या आकड्याला बहुतेक वेळा नेमकं कारण असतं आणि ते त्याच ओहमच्या नियमाने काढता येतं. आकृतीत न दाखवलेल्या तीन गोष्टीही सर्किटचाच भाग असतात: बॅटरीच्या आतला रोध, वायरींचा आणि जोडांचा रोध, आणि खुद्द मीटर. खालचे प्रयोग या तिन्ही गोष्टी आपल्या हातांनी मोजून बघण्यासाठी आहेत. दोन दुपारी पुरतात.

शब्दांबद्दल एक खुलासा. मराठी माध्यमातून आलेल्यांनी शाळेत धारा, विभवांतर आणि रोध हे शब्द शिकलेले असतात. कॉलेजात त्यांचेच करंट, व्होल्टेज आणि रेझिस्टन्स होतात. वस्तू तीच. प्रयोगशाळेत हे शब्द मिसळूनच बोलले जातात, इथेही तसेच येतील. एकसर जोडणी म्हणजे सिरीज, समांतर म्हणजे पॅरलल.

काय आणायचं

पेन्सिल सेल (एए मापाचे) चार आणि चार सेलचा होल्डर. एक अर्धा ब्रेडबोर्ड (घटक छिद्रांत खोचून सर्किट जोडायची पाटी), म्हणजे ४०० छिद्रांचा. एकतारी जोडवायर किंवा तयार जंपर. पाव वॅटचे रोधक: ४७० ओहम, १ किलोओहम, २.२ किलोओहम आणि १ मेगाओहम, प्रत्येकी पाच-पाच. १० ओहमचा मात्र अर्ध्या वॅटचा घ्या, कारण पुढे कळेल. ५ मिलिमीटरचे लाल एलईडी चार-पाच, दोन क्रोकोडाइल क्लिप आणि एक डिजिटल मल्टीमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं. रोधक सुटे मागितले तरी देतात.

नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीऐवजी पेन्सिल सेल सुचवण्याचं कारण असं, की त्यांचा अंतर्गत रोध कमी असतो आणि होल्डरच्या मधल्या पत्र्यांना क्लिप लावून १.५, ३, ४.५ आणि ६ व्होल्ट असे चार टप्पे मिळतात. मोबाइलची किंवा लॅपटॉपमधून काढलेली लिथियम बॅटरी अजिबात वापरू नका. तिची दोन टोकं चुकून जोडली गेली तर करंट इतका वाहतो की वायर तापून आग लागू शकते. घरच्या २३० व्होल्टच्या प्लगशी या लेखातल्या कुठल्याही प्रयोगाचा संबंध नाही आणि तो येऊ देऊ नये.

रोधक हातात आला की आधी रंग वाचा. काळा ०, तपकिरी १, लाल २, नारंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९. चार पट्ट्यांच्या रोधकात पहिल्या दोन पट्ट्या म्हणजे आकडे, तिसरी म्हणजे पुढे किती शून्यं, आणि थोडं अंतर सोडून असलेली सोनेरी पट्टी म्हणजे ५ टक्के इकडे-तिकडे. पिवळा-जांभळा-तपकिरी म्हणजे ४७०. तपकिरी-काळा-हिरवा म्हणजे १० वर पाच शून्यं, एक मेगाओहम. निळसर अंगाचे एक टक्क्याचे रोधक पाच पट्ट्यांचे असतात. त्यात आकडे तीन आणि शून्यांची पट्टी चौथी. पाच पट्ट्यांचा रोधक चार पट्ट्यांच्या पद्धतीने वाचला, की उत्तर दहापट किंवा त्याहून जास्त चुकतं. शंका असेल तर मीटरने मोजा. खरं तर शंका नसली तरी मोजा आणि मोजलेला आकडा वहीत लिहा. ४७० छापलेला रोधक ४४७ पासून ४९३ पर्यंत काहीही निघू शकतो आणि पुढची सगळी गणितं मोजलेल्या आकड्यानेच करायची आहेत.

ब्रेडबोर्ड: आतून काय जोडलेलं आहे

ब्रेडबोर्डच्या मधोमध एक खाच असते. खाचेच्या एका बाजूची उभ्या ओळीतली पाच छिद्रं आतून एका पट्टीने जोडलेली असतात. खाचेपलीकडची पाच वेगळी. कडेच्या लांब ओळी बॅटरीच्या धन आणि ऋणासाठी. मोठ्या, ८३० छिद्रांच्या काही बोर्डांवर या लांब ओळी मधेच तुटलेल्या असतात. डाव्या अर्ध्या भागात व्होल्टेज येतं आणि उजव्यात काहीच नाही. छापील लाल रेघ जिथे खंडित दिसेल तिथे आतली पट्टीही तुटलेली समजा.

सगळ्यात जास्त घडणारी चूक अशी: रोधकाचे दोन्ही पाय एकाच पाचाच्या ओळीत जातात. मग रोधक असून नसल्यासारखा. पाचही छिद्रं आतून एकच बिंदू आहेत आणि एकाच बिंदूच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेजचा फरक नसतो, म्हणून त्या रोधकातून करंट जात नाही. एलईडीच्या बाबतीत हे घडलं तर तो पेटत नाही, आणि बॅटरीची दोन टोकं एका ओळीत आली तर सेल हाताला गरम लागायला लागतात.

मीटर: छिद्रं दोनच, पण चूक महागात जाते

काळा प्रोब (मीटरची टोकदार वायर) कायम ‘कॉम’ लिहिलेल्या छिद्रात. लाल प्रोब साध्या मीटरमध्ये व्होल्ट, ओहम आणि मिलीॲम्पिअर यांच्या सामाईक छिद्रात. तिसरं छिद्र १० ॲम्पिअरचं असतं, त्याला बहुतेक स्वस्त मीटरमध्ये फ्यूजही नसतो. आपल्याला ते लागणार नाही.

रेंज म्हणजे त्या ठिकाणी जास्तीत जास्त किती मोजता येईल. २० व्होल्टवर ठेवलं तर १९.९९ पर्यंत. स्क्रीनवर डावीकडे नुसता ‘१’ दिसला तर तो एक व्होल्ट नव्हे. माप रेंजच्या बाहेर गेलं आहे, पुढची मोठी रेंज घ्या. उणे चिन्ह आलं तर प्रोब उलटे लागले आहेत, बिघाड काही नाही. फक्त वहीत चिन्हासकट लिहायची सवय लावा, किर्चॉफच्या नियमांत तेच चिन्ह कामी येतं.

रोध मोजताना दोन पथ्यं. बॅटरी सुटी केलेलीच हवी, कारण मीटर स्वतःच्या आतल्या बॅटरीतून करंट सोडून रोध काढतो आणि बाहेरचं व्होल्टेज त्यात मिसळलं की आकडा निरर्थक होतो. आणि मेगाओहमचा रोधक दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मोजू नका. तुमचं शरीर त्या रोधकाला समांतर जोडलं जातं आणि आकडा कमी येतो. ओल्या बोटांनी आणखी कमी. एकदा मुद्दाम करून बघा: रोधक टेबलावर ठेवून मोजा, मग चिमटीत धरून. दोन आकड्यांवरून शरीराचा रोध समांतर जोडणीच्या सूत्राने काढता येतो.

उलट टोकाला, १० ओहमसारखा लहान रोध मोजताना आधी दोन प्रोब एकमेकांना टेकवा. ०.३ ते ०.५ ओहम दिसेल. तो प्रोबच्या वायरींचा आणि जोडांचा रोध, मापातून वजा करायचा.

पहिलं सर्किट

आधी कशालाही न जोडता बॅटरी मोजा. नवे सेल असतील तर चारांचे ६.२ ते ६.४ व्होल्ट येतात. इथून पुढे ६.२ धरू.

लाल एलईडीवर साधारण १.८ ते २ व्होल्ट पडतात. उरलेले ४.३ रोधकाने घ्यायचे. ४७० ओहममधून मग ४.३ भागिले ४७०, म्हणजे ९.१ मिलीॲम्पिअर. ५ मिलिमीटरच्या साध्या एलईडीची सोसण्याची मर्यादा २०, त्यामुळे हे सुरक्षित. रोधकात खर्ची पडणारी शक्ती ४.३ गुणिले ०.००९१, म्हणजे ०.०४ वॅट. पाव वॅटच्या रोधकाला ती किरकोळ.

आता जोडणी. बॅटरी सुटी ठेवा. बॅटरीची लाल वायर धन ओळीत, काळी ऋण ओळीत लावायची, पण होल्डरमधला एक सेल काढून ठेवून. रोधकाचा एक पाय धन ओळीत, दुसरा १० क्रमांकाच्या ओळीत. एलईडीचा लांब पाय त्याच १० क्रमांकाच्या ओळीत, आखूड पाय १५ मध्ये. १५ मधून एक वायर ऋण ओळीला. पाय कापलेले असतील तर एलईडीच्या कडेला जिथे सपाट भाग असतो ती ऋण बाजू. सगळं एकदा बोटाने वाट काढत तपासा: धनापासून निघून रोधक, एलईडी, वायर आणि ऋणापर्यंत. मगच शेवटचा सेल बसवा.

एलईडी पेटला की काळा प्रोब ऋण ओळीवर ठेवा आणि लाल प्रोबने एकेक जागा शिवत चला. धन ओळीवर ६.२, दहाव्या ओळीवर १.९, पंधराव्यावर शून्य. मग प्रत्येक घटकाच्या दोन टोकांवर वेगळं मोजा: रोधकावर ४.३, एलईडीवर १.९, जोडवायरीवर ०.००. बेरीज ६.२. हाच किर्चॉफचा व्होल्टेजचा नियम. किर्चॉफने १८४५ साली तो मांडला तेव्हा तो विद्यार्थीच होता. व्होल्टेज हे कधीही एका बिंदूचं नसतं, दोन बिंदूंमधलं असतं, ही गोष्ट प्रोब हातात धरल्यावर जेवढी पक्की बसते तेवढी वाचून बसत नाही.

आता क्लिप सरकवून बॅटरी ४.५ आणि मग ३ व्होल्टच्या टप्प्यावर आणा. एलईडीवरचं व्होल्टेज १.९ वरून १.८ च्या आसपास येईल, फार हलणार नाही. पण करंट ९ वरून सहाच्या खाली आणि मग पावणेतीनच्या आसपास घसरेल. एलईडी ओहमचा नियम पाळत नाही. म्हणूनच त्याला रोधकाशिवाय थेट बॅटरीला जोडायचं नसतं. व्होल्टेजमधल्या थोड्याशा वाढीने करंट कितीतरी पटींनी वाढतो आणि एलईडी कायमचा जातो.

करंट मोजणं, आणि मोजताच तो का बदलतो

व्होल्टेज मोजताना मीटर घटकाला समांतर लावतो, सर्किट तोडावं लागत नाही. करंट मोजायचा तर सर्किट एका जागी तोडून ती फट मीटरने भरावी लागते, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल. बॅटरी काढा, १५ क्रमांकाची वायर उपसा, मीटर २० मिलीॲम्पिअरवर ठेवा, लाल प्रोब एलईडीच्या ऋण पायाला, काळा ऋण ओळीला लावा आणि मग बॅटरी बसवा.

करंटच्या रेंजवर असलेला मीटर बॅटरीच्या दोन टोकांना थेट लावला तर फ्यूज उडतो. प्रयोगशाळेतले निम्मे ‘बिघडलेले’ मीटर असेच बिघडलेले असतात. त्याची खूण अशी: व्होल्टेज आणि रोध बरोबर दाखवतो, करंट मात्र कायम शून्य. मीटर उघडून त्यावर लिहिलेल्याच मापाचा फ्यूज घाला. वायर गुंडाळून भागवू नका, पुढच्या चुकीला मीटर आतून जळतो.

आता आकडा बघा. हिशेबाने ९.१५ हवे होते, मीटर ८.९६ च्या आसपास दाखवतो. मीटर करंट मोजतो तो स्वतःच्या आतल्या एका छोट्या रोधकावरचं व्होल्टेज बघून. डीटी-८३० जातीच्या साध्या मीटरमध्ये २० मिलीॲम्पिअरच्या रेंजवर हा रोध १० ओहम असतो, कारण पूर्ण मापाला त्यावर २०० मिलीव्होल्ट पडावेत अशी रचना असते. म्हणजे सर्किटमध्ये आता ४७० नाही, ४८० ओहम आहेत. ४.३ भागिले ४८० करा, ८.९६ येतात. मीटर खोटं बोलला नाही. त्याने मोजला तो त्याच्यासकट असलेल्या सर्किटचा करंट.

म्हणून जिथे आधीच रोधक आहे तिथे करंट काढायची चांगली पद्धत म्हणजे त्या रोधकावरचं व्होल्टेज मोजायचं आणि मोजलेल्या रोधाने भागायचं. सर्किट तोडावं लागत नाही, फ्यूजची धास्ती नाही.

दोन रोधक

१ किलोओहम आणि २.२ किलोओहम सिरीजमध्ये जोडा. एकूण ३.२, करंट १.९४ मिलीॲम्पिअर, व्होल्टेज १.९४ आणि ४.२६. इथे आकडे सुरेख जुळतात, फार वेळ थांबायची गरज नाही.

तेच दोन समांतर जोडा, दोघांचे एकेक पाय धन ओळीत आणि दुसरे पाय एका सामाईक ओळीत. एकूण रोध ६८७.५ ओहम. हिशेबाने शाखांचे करंट ६.२० आणि २.८२, मुख्य वायरीत ९.०२. आता तुमच्याकडे मीटर एकच आहे, म्हणून तो आळीपाळीने तीन जागी लावाल. एक किलोच्या शाखेत ६.१४ मिळतील, दुसऱ्या शाखेत २.८१, बेरीज ८.९५. मुख्य वायरीत मात्र ८.८९. किर्चॉफच्या करंटच्या नियमाने जंक्शनमध्ये (जिथे वाटा फुटतात तिथे) जितका करंट येतो तितकाच बाहेर जायला हवा, आणि इथे ०.०६ मिलीॲम्पिअर जास्तच बाहेर पडताना दिसतात!

प्रभार कुठूनही उगवलेला नाही. तुम्ही तीन वेगवेगळी सर्किटं मोजलीत. मीटर एक किलोच्या शाखेत असताना तिथला रोध १०१० होता, दुसऱ्या शाखेत गेल्यावर २२१०, आणि मुख्य वायरीत असताना एकूण रोध ६९७.५. प्रत्येक वेळी ६.२ ला त्या-त्या आकड्याने भागा, वरचे तीनही आकडे जसेच्या तसे मिळतील. तुमच्या रोधकांची खरी मापं थोडी वेगळी असतील, म्हणून तुमचे आकडे वेगळे येतील. फरकाची दिशा मात्र हीच राहील. मीटर शाखेत असताना सर्किट जितकं अडतं, त्यापेक्षा मुख्य वायरीत असताना जास्त अडतं.

हरवलेले दोन व्होल्ट

आता सुरुवातीच्या आकड्यांकडे येऊ. १ मेगाओहमचे दोन रोधक सिरीजमध्ये ६.२ व्होल्टला लावा. प्रत्येकावर ३.१ अपेक्षित. स्वस्त मीटरने मोजलं तर एकावर २.०७, दुसऱ्यावरही २.०७. बेरीज ४.१४. दोन्ही रोधक मिळून मोजले तर मात्र बरोबर ६.२.

व्होल्टेज मोजताना मीटर समांतर लागतो आणि त्याचा स्वतःचा रोध अनंत नसतो. डीटी-८३० जातीच्या मीटरचा तो १ मेगाओहम असतो. म्हणजे तुम्ही एका रोधकाला प्रोब लावताच तिथे १ मेगाओहमला १ मेगाओहम समांतर होऊन अर्धा मेगाओहम उरतो. ६.२ व्होल्ट आता अर्धा आणि एक यांच्यात वाटले जातात: २.०७ आणि ४.१३. प्रोब उचलले की पुन्हा ३.१. प्रोब दुसरीकडे गेले की तिथे २.०७. ते व्होल्ट हरवत नाहीत, प्रोब जिथे नाहीत तिथे सरकतात. ज्याला हे पटत नसेल त्याने मित्राचा मीटर आणावा आणि दोन्ही रोधकांवर एकाच वेळी दोन सारखे मीटर लावावेत. दोन्हीकडे अर्धा-अर्धा मेगाओहम होऊन दोन्ही मीटर ३.१ दाखवतात.

चांगल्या मीटरचा रोध १० मेगाओहम असतो. त्याने हेच माप घेतलं तर २.९५ येतात. आपल्या मीटरचा रोध किती, हे माहितीपत्रक न बघता काढता येतं: १ मेगाओहमचा एकच रोधक घ्या, त्याच्या सिरीजमध्ये व्होल्टमीटर जोडा आणि दोघांना मिळून बॅटरी द्या. एरवी व्होल्टमीटर सिरीजमध्ये लावू नये असं शिकवतात, इथे मुद्दाम लावायचा आहे. बॅटरी ६.२ ची असून मीटर ३.१ दाखवत असेल तर त्याचा रोध रोधकाइतकाच, १ मेगाओहम. ५.६४ दाखवत असेल तर १० मेगाओहम. सूत्र असं: मीटरचा रोध = रोधक × मीटरवरचं व्होल्टेज ÷ (बॅटरीचं व्होल्टेज − मीटरवरचं व्होल्टेज).

हाच प्रयोग १ किलोओहमच्या दोन रोधकांवर केला तर आकडा ३.१० च येतो, चूक दोन हजारात एक भाग. म्हणून अंगठ्याचा नियम: ज्या रोधावर मोजायचं त्याच्या किमान शंभरपट व्होल्टमीटरचा रोध असावा, आणि करंटसाठी उलट, सर्किटच्या रोधाच्या शंभराव्या भागापेक्षा ॲमीटरचा (करंट मोजणाऱ्या मीटरचा) रोध कमी असावा. मग चूक एका टक्क्याच्या आत राहते.

सेलच्या आतला रोध

एकच सेल घ्या. नुसत्या सेलवर मीटर २ व्होल्टच्या रेंजवर लावा, समजा १.५८ आले. आता त्यावर १० ओहमचा रोधक लावून पाच-सात सेकंदांत आकडा टिपा आणि रोधक काढा. इथे करंट दीडशे मिलीॲम्पिअर आणि शक्ती ०.२३ वॅटच्या आसपास जाते. पाव वॅटचा रोधक अगदी काठावर येऊन तापला असता, म्हणून अर्धा वॅट. प्रोब सेलच्या टोकांवरच ठेवा, ब्रेडबोर्डवर नाही, नाहीतर जोडांचा रोधही सेलच्या नावावर लागेल.

१.५३ आले, तर अंतर्गत रोध = १० × (१.५८ − १.५३) ÷ १.५३, सुमारे ०.३ ओहम. टॉर्चमधून काढलेला थकलेला सेल घेऊन हेच करा. नुसता मोजला तर १.३५ दाखवेल, पण रोधक लावताच ०.९ वर येईल. त्याचा अंतर्गत रोध ५ ओहम झालेला आहे. मीटरवर ‘सेल चांगला आहे’ असं दिसूनही टॉर्च पेटत नाही ते याच कारणाने: मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून आतला रोध त्याला दिसतच नाही.

बॅटरीच्या या स्वभावाचा त्रास जॉर्ज ओहमलाही झाला. त्याच्या काळातल्या घटांचं व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच घसरत असे. शेवटी १८२६ च्या प्रयोगांत त्याने घट बाजूला ठेवले आणि तांबं-बिस्मथचा उष्णताघट वापरला, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. तापमान पक्कं, म्हणून व्होल्टेज पक्कं. मगच नियम स्वच्छ दिसला आणि १८२७ साली तो पुस्तकरूपाने आला.

बारावीच्या प्रयोगांत व्हीटस्टन ब्रिज, मीटर ब्रिज आणि पोटेन्शिओमीटर का असतात, ते इथे कळतं. संतुलन बिंदूवर गॅल्व्हानोमीटरमधून (किंचित करंटही दाखवणाऱ्या मीटरमधून) करंटच जात नाही. त्यामुळे मोजणाऱ्या उपकरणाचा रोध कितीही असला तरी मापात येत नाही, आणि पोटेन्शिओमीटरने सेलचं खरं विद्युतचालक बल (करंट न ओढता टोकांमध्ये असलेलं व्होल्टेज) मिळतं. ब्रिजची कल्पना सॅम्युअल ख्रिस्टीची, १८३३ सालची. व्हीटस्टनने दहा वर्षांनी ती प्रसिद्धीला आणली. मीटर ब्रिज करताना एक ध्यानात ठेवा: माहीत असलेला रोध असा निवडा की संतुलन बिंदू ४० ते ६० सेंटिमीटरमध्ये पडेल. एक मिलिमीटरच्या वाचनचुकीने ५० वर उत्तरात ०.४ टक्के फरक पडतो, १० सेंटिमीटरवर १.१ टक्के. आणि जॉकी (तारेला टेकवायचं धातूचं टोक) तारेवर घासत नेऊ नका, टेकवा आणि उचला. घासून तार जिथे बारीक होते तिथे दर सेंटिमीटरचा रोध बदलतो.

चालत नाही तेव्हा

वायरी उपसून पुन्हा पहिल्यापासून जोडायला घेऊ नका. दोष तिथेच राहतो आणि तो काय होता हे कधीच कळत नाही. बॅटरी लावलेली असू द्या, मीटर २० व्होल्टवर ठेवा आणि काळा प्रोब होल्डरच्या ऋण टोकाला क्लिपने पकडा.

लाल प्रोब आधी होल्डरच्या धन टोकाला. ६ च्या आसपास नसेल तर सेल उलटा बसला आहे किंवा स्प्रिंग टेकत नाही. चारातला एक सेल उलटा असेल तर ६ च्या ऐवजी ३ येतात, कारण तो स्वतःचे दीड देत नाही आणि दुसऱ्याचे दीड खातो. होल्डर ठीक असेल तर धन ओळ, रोधकाचा अलीकडचा पाय, पलीकडचा पाय, एलईडीचा एक पाय, दुसरा, आणि शेवटी ऋण ओळ, असं एकेक शिवत जा. प्रोब ब्रेडबोर्डच्या छिद्रात न घालता घटकाच्या धातूच्या पायाला लावा. सैल बसलेला पाय छिद्रातल्या पट्टीला टेकतच नसेल, तर पट्टीवर एक आकडा आणि पायावर दुसरा दिसेल. दोष तिथेच.

यात एक आकडा नवख्यांना हमखास फसवतो. एलईडी विझलेला आहे आणि रोधकाच्या दोन्ही पायांवर ६.२ दिसतात, एलईडीच्या लांब पायावरही ६.२ आणि आखूड पायावर साडेचारच्या वर. सगळीकडे व्होल्टेज पोचतंय, मग पेटत का नाही? कारण करंट शून्य आहे. करंट नसला की रोधकावर करंट गुणिले रोध, म्हणजे शून्य व्होल्ट पडतात, आणि मीटर जो किंचित करंट ओढतो तो एलईडीतूनच जातो, त्यामुळे मोजताना एलईडीवर दीड व्होल्टच्या आसपास पडतात, पण पेटायला तो करंट पुरत नाही. मीटर नसताना बॅटरीचं सगळं व्होल्टेज एकाच ठिकाणी साचतं: जिथे वाट तुटली आहे तिथे. लाल प्रोब पुढे सरकवत राहा. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम शून्यावर उतरतो, त्यांच्या मधली वायर उपसून बघा. वरून अखंड दिसणाऱ्या प्लास्टिकच्या आत तांब्याची तार तुटलेली असते, बहुतेक वेळा पिनेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर, जिथे ती दर वेळी वाकवली जाते.